टर्बो डिझेल ट्रकचा ब्रीदर: टर्बो बदलण्याआधी काय तपासायचं

टर्बोच्या तोंडाशी ऑइल दिसलं की ‘टर्बो गेला’ असं सांगणारे दहा जण भेटतात. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारा, पाइप काढून बघणारा त्यात एखादाच. मीही बरीच वर्षं त्या दहांमध्येच होतो. एका सहा सिलिंडरच्या ट्रकच्या इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपातून ऑइल ठिबकत होतं, म्हणून टर्बो बदलून घेतला. दीड महिन्यात नवा टर्बोही तसाच ओला. मग एका वयस्क मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) थोडी उचलून नुसती टेकवली. ती हळूहळू आपली आपण वर यायला लागली. ब्रीदरचं फिल्टर काढलं, तर काजळी आणि ऑइल साचून त्याचा दगड झालेला. नवं फिल्टर बसवलं आणि गळती थांबली. म्हणजे भंगारात गेलेला पहिला टर्बोही धडधाकटच होता.

ट्रकच्या कामात नव्याने आलेल्यांनी यातून एक सवय उचलावी. टर्बो, पिस्टनच्या रिंगा किंवा ऑइल सीलवर ठपका ठेवण्याआधी क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या इंजिनाच्या पोटातला, दाब मोजायचा. त्यासाठी लागणारं यंत्र म्हणजे पारदर्शक नळी आणि थोडं पाणी.

दाब येतो कुठून

डिझेल पेट घेतं तेव्हा आजच्या अवजड ट्रक इंजिनात सिलिंडरचा दाब 200 बारच्या घरात जातो. रिंगा तो अडवतात, पण पुरता नाही. रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर रिंग वाढून लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरेल. त्या फटीतून आणि रिंगेच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. पुस्तकी नाव ब्लो-बाय. गॅरेजमध्ये म्हणतात ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. हे ऐकून घाबरू नका. कोरं करकरीत इंजिनही थोडं मारतंच. प्रश्न फक्त किती, याचा आहे.

अंदाज हवा असेल तर साधा हिशोब करू. 12 लिटरचं इंजिन, मिनिटाला 1,800 फेरे. चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा हवा आत जाते, म्हणजे मिनिटाला 900 वेळा. झाले 10,800 लिटर. पूर्ण भारावर टर्बो अडीच पट हवा कोंबतो असं धरलं, तर 27,000 लिटर. त्यातला नुसता अर्धा टक्का रिंगांवरून खाली सरकला तरी मिनिटाला 135 लिटर वायू क्रँककेसमध्ये येतो. तेवढा दर मिनिटाला बाहेर पडायला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर.

अनेकांना वाटतं की पिस्टन खाली येताना हवा दाबतो, म्हणून हा दाब तयार होतो. एका सिलिंडरच्या इंजिनात ते खरं आहे. सरळ सहा सिलिंडरमध्ये मात्र काही पिस्टन खाली येत असताना काही वर जात असतात, आणि खालची एकूण जागा जवळजवळ तेवढीच राहते. तिथला दाब पिस्टनच्या हालचालीचा नसतो, गळून आलेल्या वायूचा असतो.

रिंगा हा एकच उगम नाही, आणि नवा माणूस इथेच फसतो. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतात, पिस्टन रिंगेसारख्याच बारीक धातूच्या रिंगा असतात. त्यांच्याकडून बूस्टची (टर्बोने दाबलेली) हवा आणि एक्झॉस्टचा वायू बेअरिंगच्या घरात शिरतो आणि ऑइलच्या परतीच्या पाइपातून क्रँककेसमध्ये उतरतो. एअर ब्रेक असलेल्या गाडीत इंजिनवरचा एअर कॉम्प्रेसर हाही एक छोटा पिस्टनच. त्याच्या रिंगा झिजल्या की त्याची हवाही क्रँककेसमध्येच येते. काही इंजिनांवर व्हॅक्यूम पंप असतो, तोही आपली हवा आतच सोडतो. झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडचा वाटा वेगळा. ब्रीदरमधून धूर जोरात येतोय म्हणजे ‘इंजिन बांधायला आलं’ हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

वाट अडली की काय होतं

टर्बोतून ऑइल खाली परत येतं ते केवळ गुरुत्वाकर्षणाने. आत जाताना पंपाचा दाब असतो, बाहेर येताना काहीच नाही. शिवाय मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या शाफ्टने घुसळून त्याचा फेस झालेला असतो. आता क्रँककेसमध्ये 100 मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब साठला असं समजा. आकडा किरकोळ वाटतो, 10 मिलिबारसुद्धा नाही. पण ऑइल पाण्यापेक्षा हलकं असल्याने तेवढा दाब परतीच्या पाइपात ऑइलचा साधारण साडेअकरा सेंटिमीटर उंच खांब उचलून धरतो. बऱ्याच इंजिनांवर टर्बो आणि चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) यांच्यातल्या उताराचा मोठा भाग यातच संपतो. ऑइल टर्बोतच तुंबतं आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांनी वाट काढतं: एकीकडून इंटरकूलरकडे, दुसरीकडून सायलेन्सरकडे. टर्बो निर्दोष, पण पकडला जातो तोच.

तोच दाब क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवर, पुढच्या सीलवर, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर येतो. नवीन सील घालूनही महिनाभरात परत पाझर सुरू झाला, तर सीलची कंपनी बदलण्याआधी ब्रीदर बघा. सील बसवण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ब्रीदर बघायला पान्याची दोन वळणं लागतात.

पहिली पायरी: आपल्या इंजिनावर कोणती पद्धत आहे ते ओळखा

टॅपेट कव्हरवरून किंवा ब्लॉकच्या बाजूवरून निघणारा जाड होज शोधा आणि तो जातो कुठे ते बोटाने पाठलाग करत बघा. खाली रस्त्याकडे तोंड करून मोकळा सोडलेला असेल तर ती उघडी पद्धत. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपाला जोडलेला असेल तर बंद पद्धत.

बंद पद्धतीत तो नेमका तिथेच का जोडतात, हे समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या मागे पोकळी असते, ती क्रँककेसमधला वायू ओढून घेते. डिझेलमध्ये तशी पोकळी मुळात नाही, आणि टर्बोच्या पुढे, म्हणजे टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात, तर बूस्टचा दाब. तिथे ब्रीदर जोडला तर उलट हवा क्रँककेसमध्ये घुसेल. हलकीशी ओढ मिळते ती टर्बो जिथून हवा खेचतो तिथेच. जुळवाजुळव करणाऱ्या एखाद्याने हा होज टर्बोच्या पुढच्या पाइपाला जोडलेला दिसला, तर इंजिन चालू करू नका.

बंद पद्धत प्रदूषणाच्या नियमांमुळे पसरली. अमेरिकेत टर्बो डिझेलना ब्रीदर बाहेर सोडायची सूट होती, ती 2007 च्या मॉडेल वर्षापासून गेली. त्यानंतर हे वायू परत इंजिनात घ्यायचे, किंवा बाहेर सोडायचे तर धुरासोबत त्यांचीही मोजदाद करून मर्यादेत बसवायचे. तुमच्या गाडीला बंद पद्धत कंपनीने दिली असेल तर होज काढून खाली सोडणं हा ‘जुगाड’ नव्हे. अशा गाडीला जिथे हे नियम लागू आहेत तिथे तो कायद्याचा भंग आहे.

बंद पद्धतीत ऑइल वेगळं करणारा सेपरेटर लागतोच, कारण वायूसोबत ऑइलचं धुकं येतं. तो तीन तऱ्हांचा दिसतो. जुन्या इंजिनांत नुसत्या आडव्या पट्ट्या किंवा तारेची जाळी. नंतरच्यांत तंतूंचं फिल्टर, ज्यात बारीक थेंब तंतूंना चिकटून मोठे होतात आणि खाली निथळतात. आणि बऱ्याच आधुनिक अवजड इंजिनांत वेगाने फिरणाऱ्या चकत्यांचा सेपरेटर, जो ऑइलच्या दाबावर किंवा विजेवर फिरतो आणि थेंब भिंतीवर भिरकावतो. आपल्याकडे कोणता आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, कारण देखभाल तिघांची तीन प्रकारची.

दुसरी पायरी: डोळे आणि बोटं

गाडी सपाट जागी, चाकांना उटी लावलेली, इंजिन बंद आणि हात लावता येईल इतकं थंड. आधी ऑइलची पातळी बघा. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. पातळी खुणेच्या वर असेल तर क्रँक ऑइल घुसळतो, धुकं वाढतं आणि सेपरेटरला ते झेपत नाही. कुणी जास्त ओतलं नसताना पातळी वाढली असेल तर डिझेल किंवा कूलंट आत मिसळतंय. तेव्हा ब्रीदर बाजूला ठेवून आधी ते शोधायचं.

मग होज. दाबून बघा: कुठे मऊ पडून फुगलाय, कुठे आतून चिकटलाय, कुठे क्लॅम्पखाली चिरलाय. एअर फिल्टरकडच्या टोकाला तो काढला की टर्बोच्या तोंडात बॅटरी मारून बघता येतं. बंद पद्धतीच्या इंजिनात तिथे ऑइलची पातळ झिलई असणारच. बोट फिरवल्यावर बोट काळपट चकचकीत झालं, तर ठीक. बोटावरून थेंब ओघळला किंवा पाइपाच्या तळाशी तळं साचलेलं असलं, तर सेपरेटर काम करत नाहीये.

इंजिन सुरू करून ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायची चाचणी सगळ्यांना माहीत असते. झाकण थरथरलं तर चालेल, उडालं तर गडबड. मला ही चाचणी फारशी आवडत नाही. काही इंजिनांत त्या तोंडाखालीच रॉकर हलत असतात, त्यामुळे निरोगी इंजिनही झाकण नाचवतं. शिवाय रिकामं इंजिन आयडलवर असताना टर्बो बूस्ट देतच नाही. खरा ब्लो-बाय चढावर, भारावर दिसतो. पण उलट बाजू मात्र या चाचणीत छान कळते: झाकण चिकटून बसलं, ओढल्याशिवाय निघेना, तर क्रँककेसमध्ये दाब नाही, अतिरिक्त ओढ आहे. त्यावर पुढे येतो.

तिसरी पायरी: मोजणी

साधारण तीन मीटर पारदर्शक नळी घ्या. एका फळीवर ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळवून बांधा, दोन्ही उभे भाग अर्ध्या मीटरपेक्षा उंच. मध्ये मोजपट्टी लावा. रंग मिसळलेलं पाणी दोन्ही बाजूंना निम्म्यापर्यंत भरा. एक टोक मोकळं, दुसरं डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवा. फळी पंखा आणि पट्ट्यांपासून लांब ठेवा, आणि इंजिनकडे जाणारी नळी आधी उंचावर नेऊन मग खाली आणा, म्हणजे ओढ जास्त निघाली तरी पाणी सहज आत जाणार नाही.

वाचताना नेहमीची चूक एकाच बाजूची उंची धरण्याची. एकीकडे पाणी 40 मिलिमीटर वर आणि दुसरीकडे 40 खाली गेलं असेल, तर दाब 80 मिलिमीटर. मिलिबार हवे असतील तर साधारण 10 ने भागा.

इंजिन पूर्ण तापू द्या, मग आयडलवर आकडा घ्या, मग फेरे वाढवून घ्या. भारावरचा आकडा हवा असेल तर पाण्याची नळी सोडून द्या आणि लांब होजने केबिनमध्ये आणलेला हलक्या दाबाचा गेज वापरा. वाचायला शेजारी दुसरा माणूस हवाच, चालवणाऱ्याने गेजकडे बघायचं नाही. नव्या ट्रकांत क्रँककेसच्या दाबाचा सेन्सर असतो, तो स्कॅनरवर एसपीएन 101 या क्रमांकाने वाचता येतो. चढावर स्कॅनरची नोंद चालू ठेवली की काम सोपं.

किती आला म्हणजे वाईट? मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी आणि ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. दुसऱ्या इंजिनाचा आकडा उसना घेऊ नका. काही कंपन्या ब्रीदरच्या तोंडावर ठराविक मापाचं भोक असलेलं टोपण बसवून दाब मोजायला सांगतात. तो आकडा ब्लो-बायच्या प्रवाहाचा असतो, क्रँककेसच्या रोजच्या दाबाचा नव्हे. दोन्हींची गल्लत करून चांगली इंजिनं उघडलेली मी पाहिली आहेत. बंद पद्धतीत रोजचा दाब शून्याच्या आसपासच राखलेला असतो, काही मिलिबार इकडे किंवा तिकडे.

चौथी पायरी: दाब जास्त आला तर उगम शोधा

पहिला संशयित फिल्टर. ते काढा आणि घराचं झाकण परत लावून पुन्हा मोजा, दोन मिनिटांपुरतंच. दाब खाली आला तर शोध संपला. नाही आला तर सेपरेटरपासून टर्बोपर्यंतचा होज आतून तुंबलाय का बघा. जिथे होज गरम टर्बोच्या पाइपाला मिळतो, त्या सांध्यात ऑइल भाजून कोळसा जमतो आणि भोक निम्मं होतं.

वाट मोकळी आहे आणि तरी दाब आहे? मग एअर कॉम्प्रेसर. त्याची परीक्षा सगळ्यात सोपी म्हणून ती आधी. ब्रेक पेडल दाबून-सोडून टाकीचा दाब उतरवा, म्हणजे कॉम्प्रेसर भरायला लागेल. फेरे एका आकड्यावर स्थिर ठेवून दाब वाचा. टाकी भरून गव्हर्नरने कॉम्प्रेसर मोकळा केला, त्या क्षणी पाण्याकडे बघा. पातळी धपकन खाली आली तर दोषी कॉम्प्रेसर. त्याचा दुसरा पुरावा टाकीच्या ड्रेनमध्ये मिळतो: पाण्याऐवजी काळं ऑइल.

टर्बोसाठी शाफ्ट हाताने हलवून बघा, अर्थात इंजिन बंद आणि थंड. आडवी किंचित हालचाल असते. पुढे-मागे हालचाल जाणवली किंवा पंख घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो खरंच गेलाय. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट आवळून गाडी मंदावणारा ब्रेक) लावताच दाब उसळत असेल तर टर्बाइनच्या बाजूच्या रिंगांवर संशय घ्यायला जागा आहे. नक्की करायला परतीचा पाइप सोडवून तपासावं लागतं. चालू इंजिनावर गरम ऑइल उडण्याचा तो प्रकार नवख्याने करू नये.

सगळ्यात शेवटी रिंगा आणि लायनर. एकेका सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून गळती मोजतात, तेव्हा ऑइलच्या झाकणाशी कान नेला तर दोषी सिलिंडरचा ‘स्स’ आवाज स्पष्ट येतो. नुकतंच बांधलेलं इंजिन असेल तर थोडा धीर धरा. रिंगा बसेपर्यंत ब्लो-बाय जास्त राहतो, आणि रिंगा बसतात भारावर. तासन्‌तास आयडलवर ठेवून ‘रनिंग’ केलेलं इंजिन लायनर गुळगुळीत करून बसतं, मग ते आयुष्यभर बॅक कॉम्प्रेशन मारतं.

ओढ जास्त असेल तर

हा उलटा आजार दुर्लक्षित राहतो, कारण बाहेर कुठे गळती नसते, फक्त ऑइल कमी होत जातं. बंद पद्धतीत टर्बो ब्रीदरमधून वायू ओढतो. एअर फिल्टर चोंदला की टर्बोच्या तोंडाशी पोकळी वाढते, आणि तो कमी पडलेली हवा क्रँककेसमधून खेचायला लागतो. सोबत ऑइलही येतं. म्हणजे ‘इंजिन ऑइल खातंय’ या तक्रारीचं मूळ एअर फिल्टरच्या डब्यात असू शकतं. आधी तो बदला.

ओढ मर्यादेत ठेवायला बऱ्याच इंजिनांवर पातळ पडदा आणि स्प्रिंग असलेला रेग्युलेटर व्हॉल्व्ह असतो. ओढ वाढली की पडदा वाट आवळतो. पडदा फाटला तर एक विशिष्ट शिट्टी किंवा गुरगुर ऐकू येते, आणि डिपस्टिक किंचित उचलली की आवाज बदलतो. पडदा वाट आवळलेल्या स्थितीत चिकटला तर उलट दाब वाढतो. हा भाग दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा.

पाचवी पायरी: सेपरेटरची देखभाल

तारेची जाळी असेल तर डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवून धुवा, हवेने पूर्ण वाळवा, परत बसवा. तंतूंचं फिल्टर धुऊ नका. धुतलेलं फिल्टर दिसायला स्वच्छ दिसतं, पण तंतू बसकण मारतात आणि ते एकतर हवा अडवतं किंवा ऑइल सोडून देतं. त्याचा बदलायचा काळ ठरलेला असतो. उदाहरण म्हणून, रॅम पिकअपमधल्या 6.7 लिटर कमिन्स इंजिनासाठी तो 67,500 मैल, म्हणजे सुमारे 1,08,000 किलोमीटर दिलेला होता. गाडी बराच वेळ आयडलवर उभी राहात असेल तर किलोमीटरवर भरवसा ठेवू नका, इंजिनाचे तास मोजा.

बदलताना कव्हरच्या सभोवतालची धूळ आधी पुसा, कारण झाकण उघडलं की खाली थेट इंजिनचं पोट आहे. जुनी ओ-रिंग आत चिकटून राहिलेली नाही ना ते बघा. दोन ओ-रिंगा एकमेकींवर बसल्या की झाकण वाकडं बसतं. प्लास्टिकचं झाकण असेल तर बोल्ट सांगितलेल्या टॉर्कवरच, समोरासमोर आळीपाळीने. ‘अजून थोडं’ म्हणून कसलेला शेवटचा पाव फेरा झाकणाला तडा देतो. काही गाड्यांत बदलल्यावर स्कॅनरने मोजणी शून्यावर आणावी लागते, नाहीतर दिवा तसाच राहतो.

फिल्टर नवं घातलं तरी टर्बोत ऑइल जातच असेल तर निथळायची नळी बघा. वेगळं झालेलं ऑइल एका बारीक नळीने चेंबरमध्ये परत जातं, आणि तिच्यात एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो. तो बंद अवस्थेत अडकला तर ऑइल सेपरेटरमध्ये साचून वायूसोबत टर्बोकडे जातं. उघडा राहिला तर क्रँककेसचा वायू नळीतून उलटा चढतो आणि सेपरेटरला बगल देतो. नळी काढा, एकीकडून फुंका, दुसरीकडून फुंका. एकाच बाजूने हवा गेली पाहिजे.

फिरत्या चकत्यांच्या सेपरेटरला बदलायचं फिल्टर नसतं, म्हणून लोक त्याला अमर समजतात. त्याला ऑइल पुरवणारा मार्ग गाळाने अडला की चकत्या मंदावतात आणि सगळं धुकं पुढे जातं. त्याची देखभाल म्हणजे वेळेवर ऑइल बदलणं.

इंटरकूलरमध्ये आधीच साचलेलं ऑइल काढल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. दुरुस्तीनंतरही ते दोन-तीन आठवडे पाइपांतून झिरपत राहतं, आणि मालक फोन करून सांगतो की काहीच फरक नाही. शिवाय आतल्या ऑइलच्या थरामुळे हवा नीट थंड होत नाही.

कॅच कॅन लावायचा असेल तर

सेपरेटर साधाच असलेल्या जुन्या इंजिनावर सेपरेटर आणि टर्बो यांच्यामध्ये ऑइल साठवणारा डबा लावतात. लावायला हरकत नाही, पण आत जाळी किंवा पट्ट्या हव्यात. रिकाम्या डब्यातून धुकं सरळ निघून जातं. होजचा आतला व्यास मूळ होजपेक्षा कमी नको. रेडिएटरचा होज वापरू नका, त्याचं रबर ऑइलने फुगून लिबलिबीत होतं. ऑइल सोसणाऱ्या रबराचा आणि ओढीने चपटा न होणारा होज घ्या. वाटेत कुठेही झोळ नको, कारण झोळात ऑइल-पाणी साचून तो भाग बुचासारखा वागतो. डबा लावल्यावर नळीने दाब पुन्हा मोजा, आधीपेक्षा वाढला असेल तर डबा काढा. आणि तो रिकामा करायचं काम ज्याच्याकडे असेल त्याला तसं सांगून ठेवा. भरलेला डबा एखाद्या उतारावर सगळं ऑइल एकदम टर्बोच्या तोंडात ओततो.

कडाक्याची थंडी

एक लिटर डिझेल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ ब्लो-बायसोबत क्रँककेसमध्ये येते. गाडी नीट तापली तर ती उडून जाते. थंडीत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती ऑइलशी घुसळून झाकणाखाली दह्यासारखी पांढुरकी साय धरते. तापमान शून्याच्या खाली असेल तर उघड्या पाइपाच्या तोंडाशी बर्फ धरतो, वाट पूर्ण बंद होते आणि मागचा सील एका रात्रीच्या प्रवासात बाहेर येतो. म्हणून थंड प्रदेशांसाठीच्या पाइपांना इंजिनाजवळच्या उबदार भागात एक चीर दिलेली असते: तोंड गोठलं तरी वायू तिथून सुटतो. ती चीर खराबी समजून टेप गुंडाळलेली दिसली तर टेप काढा. साय दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट काढू नका. लांबच्या फेरीनंतर ती गेली आणि कूलंट कमी झालं नाही तर ती फक्त दमट हवा होती.

इंजिन बंद होईना तर

ब्रीदरमधून येणारं ऑइल फार झालं की डिझेल इंजिन त्याच्यावरच चालू लागतं. चावी काढली तरी फेरे वाढत जातात, पांढरा-निळा धूर कोंडतो. अशा वेळी इंजिनाची हवा तोडणं हा उपाय आहे: गाडीला हवा बंद करायची झडप असेल तर ती ओढा, नाहीतर हवेच्या तोंडात कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक मारा. उघड्या टर्बोच्या तोंडावर हात किंवा फडकं कधीही ठेवू नका. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर, ब्रेक घट्ट आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडता येतं. यातलं काहीच जमत नसेल तर सगळ्यांना घेऊन इंजिनच्या बाजूपासून लांब जा. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो तेव्हा कुठल्या दिशेने येईल ते सांगता येत नाही.

नोंद

काम झाल्यावर तोच ट्रक, तेच तापमान, तेच फेरे ठेवून पुन्हा मोजा आणि किलोमीटर व इंजिनाचे तास यांच्यासह वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक ऑइल बदलाला एक ओळ वाढवा. आकडा दर वेळी थोडा थोडा चढत असेल तर एकतर फिल्टर भरतंय किंवा रिंगा झिजताहेत. नवं फिल्टर घालूनही तो पहिल्या जागी आला नाही, तर रिंगा. दोन नोंदींच्या मध्ये एकदम उडी मारली, तर होज, रेग्युलेटर, कॉम्प्रेसर आणि टर्बो या क्रमाने बघत जा.